इंजिन फाउंडेशन घरी बदलताना: बोल्ट सगळ्यात शेवटी आवळा

विचारणा अशी आहे. २००७ ची वॅगन आर, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग आणि सीट थरथरते. ए.सी. लावला की डॅशबोर्ड वाजायला लागतो. रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पुढून 'खट्' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये सांगितलं, तिन्ही फाउंडेशन (इंजिन बॉडीला ज्यांवर बसवलेलं असतं ती रबरी बैठक, इंजिन माउंट) गेलीत, बदलून टाका. गाडी वडिलांची, घर साताऱ्यात शाहूपुरीला, दारात सपाट कोबा आहे, पान्यांचा बऱ्यापैकी संच आहे. हे काम घरी जमेल का, आणि तिन्ही बदलायलाच हवीत का?

जमेल. साताऱ्यात गॅरेज चालवायला लागून मला २६ वर्षं झाली. घरी मन लावून केलेलं हे काम गॅरेजमध्ये घाईत उरकलेल्या कामापेक्षा चांगलं झालेलंही मी पाहिलंय. पण नवीन रबर टाकूनही थरथर तशीच राहिली म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्याही खूप. त्यातल्या बहुतेकांत रबर चांगलं होतं आणि बोल्टही घट्ट होते. चूक एवढीच होती की इंजिन जॅकवर टांगलेलं असतानाच बोल्ट आवळले होते. रबर पिळलेल्या अवस्थेत अडकलं, ते काम करणार कसं? पुढचं सगळं वाचून विसरलात तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा: इंजिन आपल्या वजनाने आपल्या जागी बसू द्या, मगच बोल्ट आवळा.

आधी हे रबर करतं काय ते सांगतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. तुमच्या गाडीचं इंजिन १०६१ सीसीचं, चार सिलिंडरचं. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरतं असं धरलं, तर मिनिटाला १६०० धक्के, म्हणजे सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. तेवढे धक्के बॉडीपर्यंत पोचू न देणं हे फाउंडेशनचं एक काम. दुसरं काम त्याहून जड. इंजिन चाकांना जेवढ्या जोराने पुढे फिरवतं, तेवढ्याच जोराने ते स्वतः उलटं फिरू पाहतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ साधारण बारा-पंधरा पट होऊन एक्सलवर जातो, आणि तेवढाच उलटा पीळ या तीन रबरांवर येतो. सप्टेंबरात कासला फुलं बघायला जाताना यवतेश्वरच्या चढावर गाड्यांची रांग लागते. थांबायचं, हाफ क्लचवर उचलायचं, परत थांबायचं. अशा एका चढणीत फाउंडेशनला जो मार बसतो, तो सपाट हायवेवर पुण्याला जाऊन आलं तरी बसत नाही.

आता तपासणी. थरथर म्हटलं की फाउंडेशन, असं समीकरण करू नका. थरथर एकसारखी, बारीक, न थांबता असेल तर रबरावर संशय घ्या. मध्येच ठेच लागल्यासारखी होत असेल, तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मधेमधे स्फोटच होत नाही. प्लग, प्लगच्या वायरी, थ्रॉटल बॉडी आधी बघा. ए.सी. लावल्यावर आर.पी.एम. किंचित वाढून स्थिर राहायला हवेत. काटा खाली येऊन इंजिन दबत असेल, तर दोष आयडलचा आहे आणि नवीन फाउंडेशन टाकून तो जाणार नाही. गाडी उभी असताना काही नाही, पण साठ-सत्तरच्या वेगात जोर दिला की स्टिअरिंग हलतं, असं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट बघा. तुमच्या बाबतीत रिव्हर्सचा 'खट्' आहे, तो मात्र फाउंडेशनकडेच बोट दाखवतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. गाडीपुढे कुणी उभं राहायचं नाही, समोर भिंत असेल तर गाडी मागे घ्या. हँडब्रेक पूर्ण ओढा. क्लचवर हात बसलेला माणूस आत बसवा, त्याला उजव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायला सांगा. तुम्ही बोनेट उघडून बाजूला, मडगार्डपाशी उभे राहा. पहिला गिअर टाकून क्लच हळूहळू, गाडी किंचित दबेपर्यंत सोडायचा आणि लगेच परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. इंजिन बोटभर झुकून परत आलं तर ठीक आहे. दोन-तीन बोटं उसळत असेल आणि शेवटी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत असेल, तर रबर गेलं. याच वेळी क्लचच्या केबलकडे नजर ठेवा. इंजिन उसळलं की केबल ओढली जाते, क्लच आपोआप कमी-जास्त दबतो आणि गाडी सुटताना गचके देते. नुसत्या या गचक्यांपायी चांगल्या क्लचप्लेटा बदललेल्या मी पाहिल्या आहेत. तुम्हालाही कुणी क्लचचं काम सुचवलं, तर आधी फाउंडेशन करा आणि आठवडाभर गाडी चालवून मग ठरवा.

नंतर इंजिन बंद करून टॉर्च घ्या. तुमच्या गाडीला तीन फाउंडेशन आहेत: एक टायमिंग बेल्टच्या बाजूला, एक गिअरबॉक्सवर, आणि एक मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) अंगाला खालच्या बाजूस. रबराच्या वरच्या कातडीवर केसासारख्या बारीक भेगा असतात, त्या वयामुळे, त्यांना घाबरू नका. रबराच्या मधोमध बोल्टसाठी लोखंडी नळी असते. ती नळी आणि रबर यांच्या सांध्यात टॉमी (उचकटायची लोखंडी दांडी) घालून हलकेच उचकटा. तिथे तोंड उघडल्यासारखी फट पडली आणि आतून ताजं काळं रबर दिसलं, तर ते फाउंडेशन संपलं. आणखी एक गोष्ट हाताने बघा. रबरावर बोट दाबून घासा. चांगलं रबर कोरडं आणि घट्ट लागतं. तेल प्यालेलं रबर फुगलेलं, चिकट लागतं आणि बोटाला शाईसारखा काळा डाग पडतो. तो डाग दिसला, तर फाउंडेशन विकत आणायच्या आधी तेल येतंय कुठून ते शोधा.

यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक जण हे सोडून देतात. इंजिन फाउंडेशन साधारणपणे नैसर्गिक रबराचं असतं. हे रबर धक्के सोसण्यात फार चांगलं, पण खनिज तेलापुढे टिकत नाही. तेल शोषून ते फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडापासून सुटतं. जुन्या गाडीत टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक होतं आणि तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत खाली येतं. कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळत असेल, तर तेही टायमिंगच्या बाजूलाच उतरतं. ती गळती तशीच ठेवून नवीन फाउंडेशन टाकलंत, तर नवंही त्याच वाटेने जाणार. पॅकिंग स्वस्त आहे, आधी ते बदला.

दुसरं कारण आपण स्वतः विकत घेतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडी धुऊन खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची पद्धत आहे, गंज लागू नये म्हणून. हेतू चांगला, पण तो फवारा प्रत्येक बुशवर, प्रत्येक रबरावर बसतो. महिना-दोन महिने तेलात भिजलेलं रबर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. गंजाची काळजी असेल, तर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या आणि करताना रबरं झाकायला सांगा. इंजिन धुताना डिझेल वापरू नका. साबणाचं पाणी पुरतं.

तिन्ही बदलायची का? गाडीला अजून कंपनीतून आलेलीच फाउंडेशन असतील, तर माझं उत्तर हो आहे. गॅरेजवाल्याने तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. एक रबर बसलं की त्याचा भार बाकीच्या दोघांवर जातो. एकच नवीन टाकलं तर इंजिन जुन्या दोघांच्या बाजूला कलतं आणि नव्यालाच जास्त ताण येतो. पैशांची ओढाताण असेल, तर फाटलेलं आणि मागचं आधी करा, तिसरं दोन महिन्यांनी. पण मधे एखादं बदललेलं असेल आणि टॉमी लावल्यावर ते घट्ट असेल, तर त्याला हात लावू नका.

सुटे भाग घेताना जुनं फाउंडेशन काढून हातात घेऊन दुकानात जाणं चांगलं, पण गाडी तशी उघडी ठेवायची नसेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर घेऊन जा. शक्यतो ओरिजिनल घ्या. नकली फाउंडेशन दिसायला हुबेहूब असतं, पण अंगठ्याच्या नखाने रबर दाबून बघितलं की कळतं: टायरसारखं टणक असेल तर धक्का गिळणार नाही, तसाच बॉडीत पाठवेल. दीड-दोन वर्षांपूर्वी एका शिक्षकांची गाडी आली होती. तिन्ही फाउंडेशन नवी, बोल्ट नीट आवळलेले, तरी मागच्या सीटवर चहाचा कप ठेवला तर त्यात लाटा उठत होत्या. रबर इतकं कडक होतं की बोटाने दबतच नव्हतं. जास्त घट्ट म्हणजे जास्त टिकाऊ, असं दुकानदार सांगतात. फाउंडेशनच्या बाबतीत ते खरं नाही.

आता काम. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आपल्याकडच्या पावसाने खालचे बोल्ट गंजलेले असतातच, आणि सकाळी जोर लावून डोकं गोल करण्यापेक्षा रात्रभर भिजत ठेवलेलं बरं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर काम सुरू करा. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मोबाइलने प्रत्येक फाउंडेशनचे दोन-तीन कोनांतून फोटो काढा. रबरावर किंवा ब्रॅकेटवर बाणाची खूण असेल तर तिचा खास. फाउंडेशन उलटं बसवणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, आणि उलटं बसलेलं काही दिवस चालूनही जातं.

गाडीखाली जायचं असेल, तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. गाडी जॅकने उचला, जॅकिंग पॉइंटखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावा, गाडी स्टँडवर पूर्ण टेकवा, मग हाताने जोरात ढकलून बघा. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड यांवर गाडी टेकवू नका. ब्लॉक भार घेतो, घेतो आणि एकदम फुटतो, आधी तडा जाऊन सूचना देत नाही. स्टेपनीचं चाक काढून गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची गाडी जॅकवरून घसरली, तेव्हा खाली आडवी टाकलेली स्टेपनीच होती म्हणून त्याच्या छातीवर यायची गाडी वीतभर वर अडली. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये स्टँड असला तरी चाक सरकवल्याशिवाय कुणी खाली जात नाही.

इंजिनाला आधार द्यायला दुसरा जॅक लागतो. तो थेट चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, लावू नका. चेंबर पातळ पत्र्याचा असतो. जॅकचं छोटं तोंड त्यात खड्डा पाडतं, आणि ऑइल ओढणारी जाळी तळापासून थोड्याच अंतरावर असते. खड्डा तिला चिकटला तर ऑइल ओढलं जात नाही, आणि मग नुकसान फाउंडेशनच्या कितीतरी पटीने होतं. इंचभर जाडीची, चेंबरच्या तळाएवढी रुंद फळी मधे ठेवा. गिअरबॉक्सवरचं फाउंडेशन काढताना आधार गिअरबॉक्सच्या अंगाखाली घ्या, तिथेही फळी हवीच. जॅक इतकाच वर करा की इंजिनाचं वजन त्यावर येईल. कळायचं कसं? फाउंडेशनचा मधला बोल्ट ढिला करून हाताने फिरवून बघा. तो अडकत असेल, तर जॅक केसभर वर किंवा खाली घ्या. ज्या उंचीला बोल्ट बोटांनी मोकळा फिरतो, ती उंची बरोबर. त्याच्यावर गेलात तर रेडिएटरचा होज, ए.सी.चे पाइप आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप ओढले जातात. प्रत्येक वेळी जॅकला एक झटका दिला की या तिघांकडे एकदा बघा.

एका वेळी एकच फाउंडेशन काढायचं. तिन्ही एकदम मोकळी केली तर इंजिन सरकतं आणि मग ते भोकासमोर आणायला दुपार जाते. सुरुवात गिअरबॉक्सवरच्यापासून करा, ते समोर दिसतं आणि हात बसतो. मग टायमिंगच्या बाजूचं. मागचं शेवटी, कारण ते खालून आणि अडचणीतून आहे, लांब एक्स्टेन्शनशिवाय गोटी (सॉकेट) पोचत नाही. जुनं काढलं की ते नव्याच्या शेजारी जमिनीवर ठेवा. मधली नळी जुन्यात किती खाली बसलीये ते डोळ्यांनी दिसेल. आठ-दहा मिलिमीटरचा फरक बघितला की इतके दिवस गाडी का थरथरत होती हे सांगावं लागत नाही.

गिअरबॉक्सचं अंग अॅल्युमिनियमचं आहे. तिथे बोल्ट आधी बोटांनी, निदान चार-पाच आटे सरळ गेले पाहिजेत. वाकडा लागला तर मागे घ्या, परत लावा. रॅचेटने जबरदस्ती केली की आटे निघतात, आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायला टर्नरकडे जावं लागतं. आटे ब्रशने आणि कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीस लावू नका. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच पान्याने जास्त ताणला जातो.

नवीन फाउंडेशन बसलं की सगळे बोल्ट लावा, पण नुसते टेकतील इतके. वॉशर हाताने फिरला पाहिजे. तिन्ही अशीच बसवा. मग इंजिनाखालचा जॅक पूर्ण काढून घ्या, म्हणजे इंजिनाचं सगळं वजन नव्या रबरांवर येईल. दोन्ही हातांनी इंजिन पुढे-मागे आठ-दहा वेळा हलवा. आतून 'टक्' असा एखादा आवाज येईल, इंजिन मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकेल आणि शांत बसेल. आता मधल्या नळीभोवतीच्या रबराकडे बघा. नळी मधोमध हवी, एका बाजूला दाबलेली नको. तशी असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट आणखी थोडे ढिले करून पुन्हा हलवा. या कामाला घाई करू नका, गॅरेजमध्ये मी पोरांना इथेच सगळ्यात जास्त वेळ थांबवतो.

नळी मधोमध बसली की मग आवळा. आधी बॉडीकडचे बोल्ट, नंतर इंजिनाकडचे, शेवटी मधला. टॉर्क रेंच भाड्याने किंवा उसना मिळाला तर जरूर आणा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा सगळ्यात खरा. १४ च्या गोटीचे बोल्ट साधारण ४५ ते ५५ न्यूटन मीटरच्या टप्प्यात येतात. लांब पाइप लावून पूर्ण ताकदीने ओढायचे हे बोल्ट नव्हेत.

तुम्ही सांगितलेल्या तयारीत हे काम सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत होईल. थांबायचं कुठे तेही ठरवून ठेवा. बॉडीचा पत्रा ब्रॅकेटपाशी गंजून फाटलेला दिसला, बोल्ट तुटून आतच राहिला, किंवा मागच्या फाउंडेशनचा बोल्ट दोन तास झाले तरी हलेना, तर जुनं परत बसवा आणि गाडी गॅरेजला न्या. त्यात कमीपणा काही नाही. वेल्डिंगचं काम दारात करू नका, पेट्रोलच्या लाइनी जवळ असतात.

सगळं आवळून झालं की स्टँड काढून गाडी जमिनीवर घ्या, बॅटरी जोडा आणि इंजिन सुरू करा. आधी न्यूट्रलमध्ये, मग ए.सी. लावून. सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला घासत नाही ना, ते हलकेच रेस करून ऐका. इंजिन आपल्या जुन्या उंचीवर परत गेलंय, त्यामुळे क्लचच्या पेडलचा खेळ थोडा बदललेला लागेल. केबल त्याप्रमाणे जुळवा, नाहीतर गिअर घासून पडेल. पहिला आणि रिव्हर्सची ती बोनेट उघडून केलेली चाचणी पुन्हा करा. नवीन रबर पहिले दोन-चार दिवस थोडं कडक वाटतं, हलकी थरथर राहते, ती निवते. तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी गाडीत थोडी थरथर मुळातच असते, पण तुमच्या चार सिलिंडरला ती सबब लागू नाही. आठवड्यानंतरही ए.सी. लावल्यावर डॅशबोर्ड वाजत असेल, तर तिन्हींचे मधले बोल्ट ढिले करून इंजिन पुन्हा हलवून बसवा. दहातली सात-आठ कामं तेवढ्यानेच सरळ होतात.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर येईल अशी पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पाचशे किलोमीटर झाले, एकदा यवतेश्वर चढून-उतरून आलात की बोनेट उघडा. रेघ मधेच तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय, त्याला पुन्हा त्याच आकड्याला आवळा. रेघ जागच्या जागी असेल, तर रबराला एकदा बोट घासून बघा. बोट कोरडं निघायला हवं.